साथीदाराला फाशी की माफी? दोन्ही शेवट करून पाहिल्यानंतर

गेल्या पंधरवड्यात दोन फोन आले. एक गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून, दुसरा पेडण्याकडून. दोघांची अडचण एकच. आमच्या मास्तरांच्या नाटकाची झेरॉक्स हाती लागली आहे, जत्रेसाठी तालीम सुरू करायची आहे, पण शेवटची पानं दोन तऱ्हेची आहेत. एका गठ्ठ्यात साथीदाराला फाशी होते, दुसऱ्यात माफी मिळते. "यातला चालतो कुठला?"

चालतो म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जत्रेच्या नाटकाचं चालणं म्हणजे पहाटे चारला मंडपात किती डोकी जागी आहेत तेवढंच. तसं बघायचं तर उत्तर एका शब्दात संपतं: फाशी. पण मी हे दोन्ही शेवट बसवले आहेत, दोन्ही वेळा विंगेत उभं राहून पाहिले आहेत, आणि ते एका शब्दाचं उत्तर द्यायला जीभ रेटली नाही. फोनवर "लिहून पाठवतो" म्हटलं, ते हे.

झेरॉक्स ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी गोष्ट चार ओळींत. काळ राणे घराण्याने 1895 मध्ये पोर्तुगीज सरकारविरुद्ध केलेल्या बंडाचा, माणसं सगळी कल्पित. नायक भाटकारांचे, म्हणजे जमीनदारांचे, वाडे लुटून धान्य कुळांत वाटणारा. कायदा त्याने हातात घेतला आहे, पण स्वतःचा एक नियम पाळतो: हत्यार खाली ठेवलेल्या माणसाला हात लावायचा नाही. त्याच्या साथीदाराचा धाकटा भाऊ जमिनीचा खंड थकला म्हणून मुकादमाच्या मारात गेलेला. दोन महिन्यांनी टोळी मुकादमाच्या घरात शिरते. मुकादम बंदूक टाकतो, नायक त्याला अभय देतो, आणि नायकाची पाठ वळताच साथीदार तुळशीपाशी कोयत्याने मुकादमाला तोडतो. मुकादमाची बायको ओट्यावरून ते बघते. तिसऱ्या अंकात नायकाने या साथीदाराचं काय करायचं, एवढाच प्रश्न.

आधी फाशीबद्दल. हा मास्तरांचा मूळ शेवट, आणि नाटक म्हणून बांधलेला झकास. वडाची फांदी, दोर, कंदील, पहाटेचा कोंबडा. नायकाचं दीड पानाचं स्वगत आहे, ज्यात तो म्हणतो की माझ्या माणसाला मी सोडलं तर मग माझ्यात आणि भाटकारात फरक काय. कुठलाही नट या स्वगतासाठी दोन महिने फुकट तालमीला येईल. आमच्याकडे पावणी (जत्रेतला लिलाव) लांबली, त्यामुळे नांदीलाच एक वाजला होता. तरी हा प्रवेश आला तेव्हा गोधडीत झोपलेली पोरंसुद्धा उठून बसली होती. खाजेवाला दुकान सोडून मंडपाच्या खांबाला टेकून उभा. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात.

त्या टाळ्यांतच पहिला खडा लागला. साथीदाराचं काम करणारा आमचा टेलर. दिवसभर मशीन चालवून रात्री तालमीला येणारा, बोलायला कमी. गळ्यातला पट्टा सोडवत तो मला म्हणाला, "दादा, मरतां हांव, आनी ताळयो ताका!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी गेल्यावर झोप लागेना, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. पहिल्या अंकात याच नायकाने भाटकाराचा एक पहारेकरी मारलेला आहे. त्या पहारेकऱ्याने हत्यार टाकलं होतं की नाही हे संहितेत नाही. कोणी विचारत नाही. तिसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षक तो पहारेकरी विसरलेले असतात, आणि साथीदार फासावर गेला की नायक धुतल्या तांदळासारखा होतो. फाशी साथीदाराला मिळते आणि शुद्धी नायकाला.

हे नाटकातच होतं असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या बेहमईचं उदाहरण आमच्या वकिलाने काढलं. हा वकील फोंड्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करतो आणि आमच्या नाटकात पोर्तुगीज कप्तानाचं काम. 14 फेब्रुवारी 1981 ला फूलनदेवीच्या टोळीने त्या गावात वीस माणसं मारली. सूड होता, तो कशाचा हे सगळ्यांना माहीत आहे. 1983 मध्ये ती शरण आली, अकरा वर्षं तुरुंगात काढली, 1994 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने तिच्यावरचे खटले मागे घेतले, 1996 मध्ये ती मिर्झापूरहून लोकसभेत गेली. आणि त्याच हत्याकांडात तिच्या टोळीतल्या एका आरोपीला जन्मठेप कधी झाली? फेब्रुवारी 2024 मध्ये, घटनेनंतर 43 वर्षांनी, तो ऐंशीच्या घरात असताना. बाकीचे बहुतेक आरोपी तोवर मेले होते. वकील म्हणाला, "बघ, पुढारी दिल्लीला जातो आणि जोडीदार कोर्टाच्या तारखांना." मी फूलनदेवीच्या बाजूचा किंवा विरुद्धचा नाही, तो विषय मोठा आहे. मला फक्त आमचा टेलर आठवला.

फाशीच्या शेवटावर दुसरा आक्षेप आमच्या गावच्या एका निवृत्त शिक्षकांनी घेतला, आणि तो इतका नेमका होता की मास्तर दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठी देहदंड 1867 मध्येच रद्द केला आणि 1870 मध्ये ते वसाहतींनाही लागू झालं. म्हणजे 1895 च्या गोव्यात साध्या खुन्याला सरकार फाशी देऊ शकत नव्हतं. हद्दपार करायचे, आफ्रिकेत नाहीतर तिमोरला धाडायचे. मास्तरांचं उत्तर तयार होतं: "फाशी सरकारने कुठे दिली? नायकाने दिली. बंडवाल्यांचं कोर्ट वेगळं." बरोबर आहे. पण मग गंमत अशी होते की ज्या सरकारला जुलमी म्हणून आमचा नायक अडीच तास शिव्या घालतो, त्या सरकारने निदान कागदावर जी शिक्षा मोडीत काढली होती, तीच शिक्षा तो आपल्या जिवलगाला देतो. बंडात प्रत्यक्ष गोळ्या घातल्या जातच होत्या, तेव्हा कागदाला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. मला मात्र त्यानंतर ते स्वगत पहिल्यासारखं ऐकवेना.

आता माफी.

मास्तरांनी हा शेवट दुसऱ्या वर्षी लिहिला, काहीसे रागातच. "तुम्हांला माफी हवी ना, घ्या." तरीही हात त्यांचाच, त्यामुळे प्रवेश सुरेख उतरला आहे. साथीदार स्वतःच दोर घेऊन येतो, नायकाच्या पायांशी ठेवतो. नायक दोर उचलतो, त्याने साथीदाराचा सुटलेला फेटा बांधतो, आणि मिठी. भैरवी. संपलं. फाशीपेक्षा बारा मिनिटांनी लहान, आणि फांदी, पट्टा, हुक वगैरे काहीच लागत नाही. ज्यांच्याकडे मंडपाचं छप्पर पत्र्याचं आहे त्यांनी हा मुद्दा हलका समजू नये. आमच्या फांदीचा हुक पहिल्या वर्षी ऐन प्रवेशात कुरकुरला होता, आणि टेलरच्या चेहऱ्यावर जी मरणाची भीती दिसली ती अभिनयाची नव्हती.

प्रेक्षकांनाही माफी गोड लागते. आमच्या मंडपात बसणाऱ्यांत निम्मे लोक कुळांच्या नाहीतर मुंडकारांच्या (भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांच्या) घरचे. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा आले नसते तर आपण कुठे असतो हे म्हाताऱ्यांना अजून आठवतं. मुकादम मेला याचं त्यांना काडीचं दुःख नाही. उलट दुसऱ्या अंकात कोयता पडतो तेव्हाच शिट्ट्या येतात. त्यामुळे माफीचा निकाल प्रेक्षकांनी आधीच लावलेला असतो, नायक फक्त सही करतो. हा या शेवटाचा फायदा म्हणा की तोटा.

वकिलाला तो तोटा वाटला. त्याचं म्हणणं, माफी कशाच्या जोरावर? रागाच्या भरात झालं असं म्हणायचं असेल तर मध्ये दोन महिने गेले आहेत. पूर्वीच्या दंड संहितेचं कलम 300, आता न्याय संहितेचं 101, त्यात अचानक आणि गंभीर चिथावणीचा अपवाद आहे, पण तो त्या क्षणाचा आहे. नानावटी खटल्याचं उदाहरण त्याच्या जिभेवर होतं. नौदलाचा तो अधिकारी 27 एप्रिल 1959 ला दुपारी दीडच्या सुमारास घरून निघाला, बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि चार वीसला बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. सर्वोच्च न्यायालय 1961 मध्ये म्हणालं, जवळजवळ तीन तास म्हणजे डोकं थंड व्हायला भरपूर वेळ. "तीन तास! आणि आपला टेलर दोन महिने कोयता पाजळत बसलाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. साथीदाराचा सूड समजून घेता येतो, पण तो भडक्यात झाला असं म्हणता येत नाही. ज्यांना माफीचा शेवट करायचा आहे त्यांनी निदान "त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला" हे वाक्य काढून टाकावं. ते खोटं आहे आणि प्रेक्षकांना कळतं.

मग नायक माफ का करतो? संहितेत कारण एकच: तू माझा आहेस. माझ्याबरोबर जंगलात राहिलास, माझ्यासाठी गोळी खाल्लीस. भावना खरी आहे, पण हे मुकादमाच्या मरणाला उत्तर होत नाही. भाटकारसुद्धा आपल्या मुकादमाला याच कारणावरून पाठीशी घालत होता.

एवढ्यावर मी दोन्ही बाजू सारख्या धरल्या असत्या. फाशीत नायक साथीदाराच्या जिवावर स्वच्छ होतो, माफीत नायक आपल्या माणसाला आपला म्हणून सोडतो. दोन्हीकडे न्याय देणारा तोच, आणि दोन्हीकडे त्याचाच फायदा. पण माफीच्या प्रयोगात एक घोळ झाला, आणि माझं पारडं त्याने झुकलं. तो घोळ माझाच होता, तेव्हा सविस्तर सांगतो.

मुकादमाच्या बायकोच्या कामासाठी आम्ही बाहेरून मुलगी आणली होती. चांगली नटी, आवाज खणखणीत. ती कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, सकाळी सातची पाळी. पहिल्या वर्षी तिने मला तालमीतच विचारलं होतं, "काका, दुसऱ्या अंकानंतर माझं काही नाही ना? मग मी अडीचला निघू?" मी संहिता चाळली. नवरा मेल्यावर तिचा एक आक्रोश आहे, त्यानंतर खरंच काही नाही. म्हटलं, जा बाय, उगाच थंडीत का बसतेस. रिक्षावाल्याला अडीचचं सांगून ठेवलं. ती गेली, फाशीचा प्रवेश झाला, टाळ्या पडल्या, कोणाला काही जाणवलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या वर्षी माफी. तीच मुलगी, तीच पाळी, तोच रिक्षावाला. अडीचला ती गेली. पहाटे नायकाने साथीदाराचा फेटा बांधला, मिठी मारली, पेटीवाल्याने भैरवीचा सूर धरला. भैरवीच्या आधी एक क्षणभर शांतता असते ना, त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज आला. आमच्या शेजारच्या घरची आजी. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती स्वतः मोठ्याने बोलते. तिने शेजारणीला विचारलं, पण ऐकलं सगळ्या मंडपाने:

"आनी तिका कोणें विचारलें?"

लोक हसले. नायकाचं काम करणारा बिचकला, त्याने मिठी दोन क्षण जास्त धरली. मी विंगेत डाव्या बाजूला होतो. तिथे एक खुर्ची होती, तिच्यावर तिची घडी केलेली पांढरी साडी ठेवलेली. दुसऱ्या अंकातली, विधवेची. ती साडी बघून मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पडदा ओढणाऱ्याला खूण करायची विसरलो.

कारण आजीने विचारलं ते बरोबर होतं, आणि त्या क्षणी मनात आणलं असतं तरी मी काही करू शकलो नसतो. तिला विचारायचं म्हटलं तर ती बोरीच्या पुलापलीकडे रिक्षात होती. नवरा जिचा मेला तिला आम्ही भाडं देऊन घरी पाठवलं होतं, आणि मागे उरलेले दोन पुरुष एकमेकांना माफ करत होते.

आता यावर कोणी म्हणेल, ही दिग्दर्शकाची चूक, शेवटाची नव्हे. मान्य. पण तुलना करायला बसलोय तर हेही बघा: फाशीच्या प्रयोगातही ती नव्हतीच. तिथे कोणाला कळलं नाही. फाशीचा आवाज एवढा मोठा की त्यात तिची गैरहजेरी बुडून जाते. सगळ्यांना वाटतं, झालं, तिला न्याय मिळाला. तिला हवा होता का, असा हवा होता का, नायकाच्या हातून हवा होता का, कोण विचारतं? माफीत मात्र ती नाही हे उघडं पडतं, बहिऱ्या आजीलाही दिसतं. एकात भोक झाकलेलं, एकात उघडं. मला उघडं बरं वाटतं. निदान ठिगळ कुठे लावायचं ते कळतं.

ठिगळ शोधताना मी पुन्हा महाभारतातल्या सौप्तिक पर्वाकडे गेलो. आमच्या देवळात कीर्तनांत अश्वत्थाम्याची कथा इतक्यांदा ऐकली आहे की ती आपल्याला येते असं वाटतं. तेल मागत फिरणारा, कपाळाची जखम न भरणारा. बापाच्या मरणाचा सूड म्हणून झोपलेल्या छावणीत शिरून द्रौपदीची पाची मुलं मारणारा. पण आपला प्रश्न त्याचा नाही, त्याच्या साथीदारांचा आहे, आणि ते दोन होते. कृपाचार्य आणि कृतवर्मा छावणीच्या दारात उभे राहिले, बाहेर पळणाऱ्यांना कापत होते, नंतर तीन ठिकाणी आग त्यांनीच लावली. दोघे एकाच दारात, एकच रात्र, एकच अपराध.

पुढे काय झालं? कृपाचार्य हस्तिनापुरात राहिले, आणि पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा परीक्षिताला शिष्य म्हणून त्यांच्याच हाती सोपवलं. ज्या कुळाची मुलं त्या रात्री मेली त्याच कुळाचा नातू. कृतवर्मा मात्र युद्धानंतर छत्तीस वर्षांनी प्रभासला दारूच्या बैठकीत मेला. झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय, असं त्याच्याच यादव कुळातल्या सात्यकीने त्याला डिवचलं आणि पुढे त्याचं डोकं उडवलं. आता न्याय करणारा हा सात्यकी कोण? हात तुटलेल्या, प्राण सोडायला ध्यान लावून बसलेल्या भूरिश्रव्याचं मुंडकं छाटणारा. कृतवर्म्याने ते त्याच्या तोंडावर मारलंही होतं. त्या बैठकीतून यादवांचा जो नाश झाला तो वेगळा सांगायला नको. एका साथीदाराला सोडलं तर तो गुरू झाला. दुसऱ्याला, तेही आपले हात बरबटलेल्या माणसाने, शिक्षा केली तर कूळ बुडालं. एवढ्यावरून सिद्धांत काढू नये हे मलाही कळतं. कृपाचार्य कुलगुरू होते, म्हाताऱ्या ब्राह्मणाला सोडणं सोपं गेलं असेल. पण वजनकाटा थोडा हलतो.

आणि द्रौपदी. महाभारतात ती अन्नपाणी सोडून बसते, अश्वत्थाम्याचा जीव मागते, शेवटी त्याच्या कपाळीचा मणी आणून दिल्यावर शांत होते, म्हणते गुरूचा मुलगा मला गुरूसारखाच. भागवताच्या पहिल्या स्कंधात अर्जुन त्याला बांधून आणतो आणि तीच म्हणते, सोडा ह्याला, माझ्यासारखी ह्याची आई रडायला नको. निकाल दोन ठिकाणी दोन, पण दोन्हीकडे ती मंचावर आहे. तिला अडीचच्या रिक्षाने कोणी घरी धाडलेलं नाही.

कायद्यात मात्र हे इतकं सरळ बसत नाही, आणि न बसण्याला कारण आहे. खुनाचा खटला घरच्यांनी मिटवता येत नाही. तो राज्याविरुद्धचा गुन्हा आहे, नाहीतर पैसेवाला भाटकार प्रत्येक विधवेची सही विकत घेईल. वकिलाने हे मला चहाच्या दोन कपांत समजावलं आणि मला ते पटलं. दया दाखवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना राज्यघटनेच्या कलम 72 खाली आहे, राज्यपालांना 161 खाली. पण तिथेही जाणत्यांनी घरच्यांना वगळलेलं नाही. नानावटीला 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, त्याआधी मेलेल्याच्या बहिणीने लेखी हरकत नसल्याचं कळवलं होतं. ती बाई सगळा खटलाभर भावासाठी लढली होती. तिच्या त्या कागदाशिवाय ती माफी लोकांच्या गळी उतरली असती असं मला वाटत नाही. उलट बेहमईच्या विधवांना 1994 मध्ये कोणी काही विचारल्याचं मी वाचलेलं नाही. 2001 मध्ये फूलनदेवीला दिल्लीत घरासमोर गोळ्या घालणारा म्हणाला, बेहमईचा सूड घेतला. म्हणजे आणखी एक नायक. असं म्हणणाऱ्याचं किती खरं मानायचं हा प्रश्न आहेच, पण न विचारता दिलेली माफी अशी कोणाच्याही हाती लागते.

तर साथीदार दयेला पात्र आहे का? नियम मोडून, हत्यार टाकलेल्या माणसाला मारलं, दोन महिने विचार करून मारलं. मला वाटतं, त्याला शिक्षा व्हायला हरकत नाही. पण ती देणारा नायक नको. आणि त्याला दया मिळाली तर मला बरं वाटेल, पण ती देणाराही नायक नको. दोन्हींत निवडायचंच तर मी माफीचा गठ्ठा घेईन, कारण माफीच्या प्रवेशात तिला आत घ्यायला जागा आहे. फाशीच्या प्रवेशात तिला आणलं तर ती फक्त बघी होते, वडाखाली उभी.

तिसरा प्रयोग गेल्या वर्षी शेजारच्या गावात केला. तोवर मास्तर गेले होते, त्यामुळे नवा मजकूर लिहायला कोणी नव्हतं. मी त्याच मुलीला फोन केला, म्हटलं यंदा शेवटपर्यंत थांबावं लागेल. ती म्हणाली, "थांबते काका, तिथूनच परस्पर पाळीला जाईन. पण बोलायचं काय?" मी प्रामाणिकपणे सांगितलं की माहीत नाही.

तालमीत आधी तिने "सोडा त्याला" म्हणून पाहिलं. इतकं खोटं वाटलं की टेलरलाच हसू आलं. मग तिने त्याला शिव्याशाप दिले. तेही दुसऱ्या अंकाचीच नक्कल. चौथ्या-पाचव्या रात्री ती म्हणाली, "काका, मला ह्याच्याशी बोलायचंच नाहीये. मला त्यांच्याशी बोलायचंय." आणि बोट नायकाकडे. नायकाचं काम करणारा आमचा पोस्टमन, त्याला वाटलं आपलं काही चुकलं.

प्रयोगात ती कंदील घेऊन आली. साथीदार दोर पायांशी ठेवून बसलेला, नायकाचा हात दोराकडे गेलेला. ती साथीदाराच्या अंगावरून अशी गेली जणू तिथे पाटा पडला आहे. नायकासमोर कंदील ठेवला, त्यामुळे उजेड त्याच्या हनुवटीखालून. म्हणाली, "त्यांनी बंदूक टाकली ती ह्याच्यासाठी नव्हे, तुमच्या शब्दावर टाकली." मग बराच वेळ काही नाही. पेटीवाला माझ्याकडे बघतोय, मी मानेने नको म्हणतोय. मग: "माझ्या तुळशीपाशी आता आणखी रक्त नको. ह्याला न्या इथून. आणि तुमचा शब्दही घेऊन जा." कंदील उचलून आत गेली. रंगमंचावर अंधार, दोघे तसेच बसलेले. पोस्टमनला पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. तो उठला, दोर तिथेच ठेवून विंगेत आला. टेलर एकटाच मागे राहिला, आणि कोणी पडदा ओढेना म्हणून शेवटी स्वतःच उठून विरुद्ध बाजूने गेला.

टाळ्या फारशा पडल्या नाहीत हे लपवत नाही. खाजेवाला आपल्या जागेवरच होता, पोरं झोपलेली. एकाने मला सकाळी विचारलं, शेवट राहिला की काय? तुमच्याकडे नाटकाच्या खर्चाला जमीनदारीतून नव्हे, दुकानदारांच्या देणग्यांतून पैसे येत असतील आणि पुढच्या वर्षीही यायला हवे असतील, तर फाशी करा, मी नाव ठेवणार नाही. तो शेवट उभा राहतो, त्याला दाद मिळते. स्पर्धेसाठी करणार असाल तरी परीक्षकांना दीड पानाचं स्वगत आवडतं असा माझा अनुभव आहे, पण तो दोन स्पर्धांचाच.

पेडणेवाल्यांनी परवा पुन्हा फोन केला होता. म्हणाले, बरं, तुमचा तिसरा शेवट करू, पण तिची वाक्यं लिहून पाठवा. पाठवली, एवढी चारच आहेत. फक्त त्यांना दोन गोष्टी सांगितल्या, त्या सत्तरीवाल्यांनाही सांगतो. तिचं मानधन दोन अंकांचं नव्हे, पूर्ण रात्रीचं धरा. आणि रिक्षावाल्याला साडेचारचं सांगा.